सेल्फी म्युझियम म्हणजे काय? वस्तूच नसलेल्या संग्रहालयात लोक तिकीट काढून का जातात?

मोठ्या शहरांत गेल्या काही वर्षांत एक नवीन प्रकारचे ‘म्युझियम’ दिसू लागले आहे. दारावर तशी पाटी असते, तिकीट खिडकी असते, तिकीटही बऱ्यापैकी महाग असते. पण आत ना जुनी नाणी, ना शिल्पे, ना काचेच्या कपाटातल्या तलवारी. एका खोलीत खाट, टेबल आणि खुर्च्या छताला उलट्या टांगलेल्या असतात. दुसऱ्या खोलीत चारही बाजूंना आरसे आणि न संपणारे दिवे असतात. तिसऱ्या खोलीत रंगीत गोळ्यांनी भरलेला हौद असतो. नेहमीच्या संग्रहालयात ‘हात लावू नये’ अशी सूचना दिसते. इथे मात्र जमिनीवर पावलांची खूण काढून ‘इथून फोटो काढा’ असे लिहिलेले असते.

याला सेल्फी म्युझियम म्हणतात. कुणाला ही निव्वळ पैशांची उधळपट्टी वाटते, तर कुणाच्या घरातली मुले तिथे जायचा हट्ट धरून बसलेली असतात. ही कल्पना कुठून आली, त्या खोल्यांमागची युक्ती काय, याला म्युझियम म्हणावे का आणि जाण्याआधी काय माहीत असलेले बरे, याची ही माहिती.

सेल्फी म्युझियम म्हणजे नेमके काय?

साध्या शब्दांत सांगायचे तर, ज्या प्रदर्शनातली प्रत्येक मांडणी माणूस आत उभा राहिल्याशिवाय पूर्णच होत नाही, ते सेल्फी म्युझियम. भिंतीवर पंख रंगवलेले असतात, पण त्यांच्यामध्ये कुणी उभे राहीपर्यंत ते चित्र अर्धेच असते. म्हणजे इथे पाहायला येणारा माणूसच प्रदर्शनातली मुख्य वस्तू ठरतो.

या नावाखाली साधारण तीन प्रकारची ठिकाणे येतात. पहिला प्रकार दृष्टिभ्रमाचा : तिरप्या खोल्या, फसवी चित्रे, आरसे. क्रोएशियाची राजधानी झाग्रेब इथे २०१५ मध्ये सुरू झालेले ‘म्युझियम ऑफ इल्युजन्स’ या प्रकारातले. आता त्याच्या शाखा अनेक देशांत असून दिल्लीतही एक आहे. दुसरा प्रकार एखादा विषय धरून सजवलेल्या खोल्यांचा : आइस्क्रीम, रंग, मिठाई वगैरे. तिसरा प्रकार कलाकारांनी उभारलेल्या प्रकाश आणि प्रक्षेपणाच्या दालनांचा. टोकियोमधील ‘टीमलॅब बॉर्डरलेस’ हे त्याचे गाजलेले उदाहरण. २०१८ मध्ये सुरू झालेल्या या ठिकाणाला पहिल्याच वर्षी सुमारे २३ लाख लोकांनी भेट दिली. तिथल्या कलाकारांना ‘सेल्फी म्युझियम’ हे नाव कदाचित रुचणार नाही. पण फोन बाहेर काढल्याशिवाय तिथून परतणारा माणूस विरळाच.

ही कल्पना आली कुठून?

स्वतःचा फोटो काढण्याची हौस कॅमेऱ्याइतकीच जुनी आहे. अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात रॉबर्ट कॉर्नेलियस या तरुणाने १८३९ मध्ये कॅमेऱ्यासमोर स्वतःच बसून आपले छायाचित्र घेतले. ते जगातल्या सर्वात जुन्या आत्मछायाचित्रांपैकी एक मानले जाते. ‘सेल्फी’ हा शब्द मात्र अलीकडचा. २००२ मध्ये ऑस्ट्रेलियात तो वापरल्याची नोंद आहे आणि २०१३ मध्ये ऑक्सफर्डने त्याला ‘वर्षाचा शब्द’ म्हणून निवडले. मधल्या काळात दोन गोष्टी घडल्या. फोनला पुढच्या बाजूनेही कॅमेरा आला आणि २०१० मध्ये इन्स्टाग्राम सुरू झाले. आधी घरच्या अल्बमपुरता असलेला फोटो आता ओळखी-अनोळखी सगळ्यांना दाखवण्याची गोष्ट झाली.

फोटोसाठीच उभारलेल्या संग्रहालयांची सुरुवात आशियात लवकर झाली. दक्षिण कोरियाची राजधानी सोल इथल्या होंगडे या तरुणांच्या वर्दळीच्या भागात २०१० मध्ये ‘ट्रिकआय म्युझियम’ उघडले. भिंतीतून बाहेर येणारा प्राणी, तुटलेला पूल, कोसळता धबधबा अशी फसवी चित्रे आणि त्यांच्यात घुसून फोटो काढणारे लोक, असा तो प्रकार. फिलिपिन्समध्ये मनिला महानगरातील केझोन सिटीत २०१४ च्या अखेरीस ‘आर्ट इन आयलंड’ सुरू झाले. तिथे चित्रांना हात लावायला, त्यांच्यावर टेकायला, त्यांच्यात शिरायला परवानगीच नव्हे तर आमंत्रण होते. जगभरच्या वृत्तपत्रांनी त्याची ओळख ‘सेल्फी म्युझियम’ अशी करून दिली.

दुसरीकडे खऱ्या कलादालनांतही काही वेगळे घडत होते. लंडनच्या ‘टेट मॉडर्न’मध्ये २००३-०४ च्या हिवाळ्यात कलाकार ओलाफुर एलिआसन यांनी प्रचंड दालनात एक कृत्रिम सूर्य उभा केला आणि छताला आरसे लावले. लोक जमिनीवर आडवे होऊन छतात आपले प्रतिबिंब शोधू लागले. तेव्हा इन्स्टाग्राम नव्हते, तरीही वीस लाखांहून अधिक लोक तिथे येऊन गेले. जपानी कलाकार यायोई कुसामा यांनी तर १९६५ मध्येच न्यूयॉर्कमध्ये पहिली ‘अनंत आरशांची खोली’ मांडली होती. पन्नास वर्षांनी, फोनच्या जमान्यात, त्याच प्रकारच्या खोल्यांसाठी लोक तासन्‌तास रांगेत उभे राहू लागले. रांग एवढी की आत जेमतेम अर्धा मिनीट थांबायला मिळे.

न्यूयॉर्क, २०१६ : आइस्क्रीमचे म्युझियम

या सगळ्याचा धंदा कसा होऊ शकतो, हे न्यूयॉर्कने दाखवले. २०१६ च्या उन्हाळ्यात मॅनहॅटनमध्ये मेरीएलिस बन आणि मनीष व्होरा यांनी ‘म्युझियम ऑफ आइस्क्रीम’ उघडले. ते जेमतेम महिनाभरासाठीच होते. रस्त्यापलीकडे ‘व्हिटनी’ हे अमेरिकन कलेचे नामांकित संग्रहालय होते, हा योगायोगही बोलका आहे.

आत चॉकलेटची खोली होती, खाता येणारे फुगे होते, आइस्क्रीमच्या आकाराचा झोपाळा होता. पण गाजला तो ‘स्प्रिंकल पूल’. केकवर भुरभुरतात तशा रंगीत कणांनी भरलेला हा हौद. कण अर्थातच प्लास्टिकचे. त्यात उडी मारतानाचा फोटो इतक्या लोकांनी टाकला की जाहिरातीची गरजच उरली नाही. सुमारे ३० हजार तिकिटे पाच दिवसांत संपली.

पुढे लॉस एंजेलिस, सॅन फ्रान्सिस्को, मायामी अशी गावे झाली. तिकीट १८ डॉलरवरून सॅन फ्रान्सिस्कोमध्ये ३८ डॉलरवर गेले. २०१९ मध्ये या कंपनीत ४ कोटी डॉलरची गुंतवणूक झाली आणि तिचे मूल्य २० कोटी डॉलर धरले गेले. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या सोहो भागात तिचे कायमचे ठिकाण उघडले. नंतर सिंगापूर आणि शिकागोही आले. दरम्यान सॅन फ्रान्सिस्कोत ‘कलर फॅक्टरी’ निघाली. ग्लेनडेल इथे २०१८ मध्ये थेट ‘म्युझियम ऑफ सेल्फीज’ या नावाचेच प्रदर्शन भरले. भारतात चेन्नईमध्ये २०१६ साली चित्रकार ए. पी. श्रीधर यांचे ‘क्लिक आर्ट म्युझियम’ सुरू झाले. मुंबईकरांना फोर्ट भागात ‘पॅराडॉक्स म्युझियम’ पाहायला मिळते. ही साखळी मूळची परदेशातली असून तिची सुरुवात नॉर्वेतील ऑस्लो इथे झाली.

खोल्यांमागची युक्ती काय असते?

खरी गंमत इथे आहे. बहुतेक पाहुणे फोटो काढून पुढच्या खोलीत जातात आणि ही गंमत मागेच राहते. या खोल्या डोळ्यांसाठी नव्हे, तर कॅमेऱ्यासाठी बांधलेल्या असतात, हे एकदा कळले की बाकीचे आपोआप उलगडते.

माणसाला दोन डोळे असतात आणि त्यांच्यात साधारण सहा सेंटीमीटरचे अंतर असते. दोन्ही डोळ्यांना दिसणारी चित्रे किंचित वेगळी असतात. त्या फरकावरून मेंदू खोली आणि अंतर ओळखतो. शिवाय मान थोडी हलवली तरी जवळच्या वस्तू लांबच्या वस्तूंपेक्षा जास्त सरकतात, तोही एक पुरावा असतो. फोटो काढणाऱ्या भिंगाला मात्र एकच जागा असते आणि फोटो हलत नाही. म्हणून प्रत्यक्षात डोळ्यांना जे थोडे खोटे वाटते, ते फोटोत अगदी खरे वाटते. ‘इथे काहीच वाटत नव्हते, पण फोटो काय भारी आला!’ असे लोक म्हणतात, त्याचे कारण हेच.

फसवे चित्र : जमिनीवर आणि भिंतीवर मिळून एकच चित्र काढलेले असते. त्यातल्या आकृत्या मुद्दाम ताणलेल्या असतात. ठरलेल्या एकाच जागेवरून पाहिले तरच त्या नीट दिसतात. ही विद्या जुनी आहे. हान्स होल्बाइन याने १५३३ मध्ये काढलेल्या ‘द अँबॅसडर्स’ या चित्रात खाली एक विचित्र पांढरा डाग दिसतो. बाजूला जाऊन तिरपे पाहिले की ती कवटी असल्याचे कळते. हे चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. सेल्फी म्युझियममधली जमिनीवरची पावलांची खूण म्हणजे तीच ‘ठरलेली जागा’.

बुटका-उंच खोली : एका कोपऱ्यात उभा असलेला माणूस ठेंगणा आणि दुसऱ्या कोपऱ्यातला राक्षसाएवढा दिसतो. दोघांनी जागा बदलली की उंचीही बदलते. अमेरिकी शास्त्रज्ञ अ‍ॅडलबर्ट एम्स यांनी १९४६ मध्ये अशी खोली बांधली, म्हणून तिला ‘एम्स रूम’ म्हणतात. ही खोली चौकोनी वाटते, पण नसते. मागची भिंत तिरकी असते आणि एक कोपरा दुसऱ्यापेक्षा जवळजवळ दुप्पट लांब असतो. जमीन उतरती असते, छत तिरपे असते, खिडक्याही वाकड्या कापलेल्या असतात. छिद्रातून एका डोळ्याने पाहिले की मेंदू ‘खोल्या चौकोनीच असतात’ या सवयीला चिकटून राहतो. मग लांबचा माणूस त्याला लांब नव्हे, तर लहान वाटतो.

उलटी खोली : यात तर काही लपवलेलेच नसते. सामान छताला घट्ट बसवलेले असते, माणसे साधी जमिनीवर उभी राहतात आणि फोटो उलटा फिरवला की माणसे छताला लटकलेली दिसतात. चोरी पकडतात ती फक्त केस, ओढणी आणि कानातले डूल. गुरुत्वाकर्षण त्यांना खाली ओढते आणि फोटोत ती वर गेलेली दिसतात. काहींना तीच गंमत हवी असते. नको असेल तर केस बांधावेत.

अनंत आरसे : समोरासमोर दोन आरसे ठेवले की एकाचे प्रतिबिंब दुसऱ्यात, त्याचे पुन्हा पहिल्यात, असे सुरू राहते. पण ते खरोखर अनंत नसते. प्रत्येक वेळी थोडा प्रकाश आरसा गिळतो. आरसा ९० टक्के प्रकाश परत पाठवत असेल, तर दहा वेळा परावर्तन झाल्यावर सुमारे ३५ टक्केच उरतो आणि वीस वेळा झाल्यावर १२ टक्के. म्हणून लांबचे दिवे मंद होत जातात. साध्या काचेत लोहाचा अंश असतो, त्यामुळे खूप आतली प्रतिबिंबे हिरवट दिसतात. पुढच्या वेळी आरशांच्या खोलीत गेल्यावर सर्वात लांबच्या रांगेकडे नीट पाहिले तर हा हिरवेपणा ओळखता येतो.

फिरता बोगदा : एका स्थिर पुलाभोवती रंगीत नळकांडे गोल फिरत असते. पूल तसूभरही हलत नाही, तरीही माणसे कठडा धरून झोकांड्या खातात. डोळे सांगतात ‘तू कलंडतो आहेस’, कानाच्या आतली तोल सांभाळणारी यंत्रणा सांगते ‘तू सरळ आहेस’. या भांडणात बहुतेकांच्या बाबतीत डोळे जिंकतात. कठडा धरून क्षणभर डोळे मिटले की पूल स्थिर असल्याचे लगेच कळते.

फेरी कशी असते?

बहुतेक ठिकाणी तिकिटावर दिवसाबरोबर वेळही छापलेली असते. दर दहा-पंधरा मिनिटांनी एक छोटी तुकडी आत सोडतात. वाट एकेरी असते, म्हणजे एका खोलीतून पुढच्या खोलीत जायचे, मागे फिरायचे नाही. प्रत्येक ठिकाणी एखादा मदतनीस असतो. त्याचे काम माहिती देणे कमी आणि फोटो काढून देणे जास्त. उत्तम कोन कुठला, हात कसे धरायचे, हे त्याला पाठ असते. ‘कलर फॅक्टरी’सारख्या ठिकाणी पाहुण्यांना एक कार्ड देतात. ते जागोजागी दाखवले की भिंतीतला कॅमेराच फोटो काढतो आणि फोटो नंतर ईमेलवर येतात. म्हणजे फोनही खिशातून काढायला नको.

पूर्ण फेरी साधारण तास-दीड तासाची असते. बारा खोल्या धरल्या तर एका खोलीच्या वाट्याला पाच ते सात मिनिटे येतात आणि त्यातली बरीचशी आपली पाळी येण्याची वाट पाहण्यात जातात. शेवटच्या खोलीतून बाहेर पडण्याचा रस्ता बहुधा दुकानातूनच जातो.

पैशांचे गणित

वेळेच्या तिकिटामागे गर्दी टाळण्याइतकेच धंद्याचेही गणित असते. एक काल्पनिक हिशेब करून पाहता येतो. दर पंधरा मिनिटांनी २५ जण आत सोडले आणि ठिकाण दहा तास चालू राहिले, तर दिवसाला ४० तुकड्या, म्हणजे १००० जण होतात. तिकीट ५०० रुपये धरले तर दिवसाचा गल्ला पाच लाखांचा. अर्थात हे सगळी तिकिटे खपली तर. मोठ्या शहरातले भाडे, वीज, नोकरवर्ग आणि सतत मोडणाऱ्या वस्तूंची दुरुस्ती यांतून वजा करावी लागते.

कमाईचा दुसरा मार्ग प्रायोजकांचा. न्यूयॉर्कच्या पहिल्या आइस्क्रीम प्रदर्शनात टिंडर आणि डव्ह चॉकलेट यांसारखे ब्रँड सहभागी होते. पाहुण्याच्या फोटोबरोबर ब्रँडचे नावही फिरते. तिसरा फायदा सर्वात मोठा : जाहिरात फुकट होते. हजार पाहुण्यांनी एकेक फोटो टाकला तरी तो पाहणारे कित्येक पट असतात. म्हणजे पाहुणा इथे गिऱ्हाईक असतो, प्रदर्शनातली वस्तू असतो आणि जाहिरात करणाराही असतो. फक्त यातल्या पहिल्या भूमिकेसाठी तो पैसे देतो आणि बाकीच्या दोन फुकट करतो.

मग याला म्युझियम म्हणावे का?

जगभरच्या संग्रहालयांची आंतरराष्ट्रीय परिषद, म्हणजे ‘आयकॉम’, हिने २०२२ मध्ये प्राग इथे संग्रहालयाची नवी व्याख्या स्वीकारली. तिचा गाभा असा : संग्रहालय ही नफ्यासाठी न चालणारी, कायमस्वरूपी, समाजाच्या सेवेतली संस्था असते, ती मूर्त आणि अमूर्त वारशाचे संशोधन, संकलन, जतन, अर्थनिरूपण आणि प्रदर्शन करते. शिक्षण आणि चिंतनाबरोबर आनंदाचाही उल्लेख त्या व्याख्येत आहे.

या कसोटीवर सेल्फी म्युझियम फक्त आनंदाच्या एका कलमावर पास होते. ते नफ्यासाठी चालते, त्याच्याकडे संग्रह नसतो आणि जतन करण्यासारखे काही नसते. हौद रिकामा करून गोळ्या फेकून दिल्या तर कुठलाही वारसा बुडत नाही. गंमत म्हणजे ‘म्युझियम ऑफ आइस्क्रीम’च्या संस्थापक मेरीएलिस बन यांनाही पुढे हा शब्द पटेनासा झाला. ‘एक्स्पीरिअन्स’ आणि ‘म्युझियम’ जोडून त्यांनी ‘एक्स्पीरियम’ असा नवा शब्द काढला. तो फारसा रुजला नाही. ‘म्युझियम’ या शब्दाला जो मान आहे, तो नव्या शब्दाला कुठून मिळणार?

मराठीत मात्र यासाठी एक जुना शब्द आहे. ‘वस्तुसंग्रहालय’ रूढ होण्याआधी लोक अशा ठिकाणाला ‘अजबखाना’ म्हणत. अजब गोष्टी पाहायला मिळतात ते ठिकाण. संग्रह नसलेल्या ठिकाणाला ‘संग्रहालय’ म्हणणे चूक ठरेल. पण अजबखाना म्हणायला काहीच हरकत नाही.

फरक एवढ्यासाठी महत्त्वाचा की मुंबईत भायखळ्याच्या राणीच्या बागेत १८७२ पासून डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय उभे आहे आणि १९२२ पासून छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय लोकांसाठी खुले आहे. अशा ठिकाणी जपलेली वस्तू हरवली तर ती पुन्हा तयार करता येत नाही. मुलांना ‘म्युझियम’ म्हणजे फक्त फोटोची खोली वाटू लागली, तर काचेमागची ती वस्तू त्यांना कंटाळवाणी वाटण्याची शक्यता आहे. दुसरी बाजूही आहे. संग्रहालय म्हणजे ‘हात लावू नका, हळू बोला’ एवढेच ज्यांना माहीत आहे, त्यांना इथे पहिल्यांदाच कुणी ‘या, आत या’ म्हणते.

फोटो काढल्याने मजा वाढते की कमी होते?

यावर मानसशास्त्रज्ञांनी प्रयोग केले आहेत आणि उत्तर सरळ ‘हो’ किंवा ‘नाही’ असे आलेले नाही.

अमेरिकेतील लिंडा हेंकेल यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही जणांना संग्रहालयातल्या वस्तूंचे फोटो काढायला सांगितले, तर काही वस्तू नुसत्या पाहायला सांगितल्या. ज्या वस्तूंचे पूर्ण फोटो काढले होते, त्या लोकांना कमी आठवल्या. लक्षात ठेवण्याचे काम जणू कॅमेऱ्यावर सोपवले गेले. मात्र वस्तूच्या एखाद्या भागावर झूम करून फोटो काढला, तेव्हा हा तोटा दिसला नाही.

क्रिस्टिन डील, गाल झाउबरमन आणि अलिक्झांड्रा बराश यांच्या २०१६ च्या अभ्यासात फोटो काढणाऱ्यांना अनेक अनुभव जास्त आनंददायक वाटले, कारण फोटोसाठी ते समोरच्या गोष्टीकडे अधिक लक्ष देत होते. पण याच संशोधकांनी २०१८ मध्ये आणखी एक गोष्ट दाखवली. फोटो स्वतःसाठी काढला तर आनंद टिकतो. ‘टाकायचा आहे’ म्हणून काढला तर तो कमी होतो. आपण कसे दिसू, लोक काय म्हणतील, ही काळजी मध्ये येते.

सेल्फी म्युझियमची अडचण नेमकी इथे आहे. इथली प्रत्येक मांडणी ‘टाकण्याजोगा’ फोटो मिळावा म्हणून असते. ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या समीक्षक अमांडा हेस यांनी २०१८ मध्ये अशा अनेक ठिकाणी फिरून केलेल्या टीकेचा रोखही असाच होता : फोटोत सगळे आनंदी दिसतात, पण प्रत्यक्ष खोलीत करण्यासारखे फार काही नसते.

इतर आक्षेप

प्लास्टिक : मायामीमध्ये हौदातले बारीक कण पाहुण्यांच्या कपड्यांना आणि बुटांना चिकटून रस्त्यावर पोहोचले. तिथून ते पावसाच्या पाण्याबरोबर गटारात आणि समुद्रात जातील, ही भीती होती. मायामी बीच शहराने त्यासाठी दंडही केला.

खासगीपणा : कुणाच्याही फोटोच्या मागे अनोळखी माणसे आणि त्यांची मुले येतात. तिकिटाच्या अटींत बऱ्याचदा ‘आत काढलेले फोटो आयोजक प्रसिद्धीसाठी वापरू शकतात’ असे कलम असते. ते वाचण्याची तसदी फार थोडे जण घेतात.

मोडतोड : फोटोच्या नादात वस्तू मोडण्याचा धोका खऱ्या कलाकृतींना जास्त आहे. २०१७ मध्ये वॉशिंग्टनच्या हर्शहॉर्न संग्रहालयात कुसामा यांच्या आरशांच्या खोलीतला एक भोपळा पाहुण्याच्या धक्क्याने फुटला आणि ती खोली काही दिवस बंद ठेवावी लागली. सेल्फी स्टिकवर तर न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने २०१५ मध्येच बंदी घातली होती.

या सगळ्याच्या उलट एक मुद्दा सेल्फी म्युझियमच्या बाजूनेही आहे. जानेवारी २०१६ मध्ये वांद्र्याच्या बँडस्टँडवर सेल्फीच्या नादात झालेल्या दुर्घटनेनंतर मुंबई पोलिसांनी शहरातली काही ठिकाणे ‘नो सेल्फी झोन’ ठरवली. फोटोची हौस जाणार नसेल, तर ती भरतीच्या खडकांपेक्षा चार भिंतींत भागलेली बरी.

जाण्याआधी काय लक्षात ठेवावे?

• शनिवार-रविवार टाळून सकाळची पहिली वेळ घ्यावी. रांग कमी असली की तोच पैसा दुप्पट वसूल होतो.

• एकट्यापेक्षा दोघे-तिघे गेलेले बरे. इथले चांगले फोटो बहुतेक दुसऱ्यानेच काढावे लागतात.

• आरशांच्या खोलीत फ्लॅश बंद ठेवावा. नाहीतर फोटोत फक्त पांढरा झोत येतो. अंधाऱ्या खोलीत काळे कपडे हरवून जातात, तर पांढऱ्यावर दिव्याचा रंग चढतो.

• काही ठिकाणी जमिनीलाही आरसे असतात. तिथे स्कर्ट किंवा आखूड कपडे टाळलेले बरे. उंच टाचाही नकोत.

• फसव्या चित्रासमोर खुणेवर उभे राहून फोन सांगितलेल्या उंचीवर धरावा. कॅमेरा एक हात वर-खाली झाला तरी चित्र मोडते.

• चक्कर येण्याचा त्रास असणाऱ्यांनी फिरता बोगदा टाळावा. लुकलुकत्या दिव्यांनी झटका येऊ शकणाऱ्यांनी, तसेच गरोदर स्त्रियांनी आधी चौकशी करावी. चाकाच्या खुर्चीसाठी वाट आहे का, हेही फोनवरच विचारून घ्यावे.

• हौदातून बाहेर आल्यावर खिसे, बूट आणि मुलांच्या मुठी तपासाव्यात.

नवे काय आणि जुने काय?

महाराष्ट्रातल्या जत्रा ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना यातले बरेच काही ओळखीचे वाटेल. तंबूत मागे ताजमहालाचा रंगवलेला पडदा, पुढे पुठ्ठ्याची मोटारसायकल आणि काळा गॉगल डोळ्यांवर चढवलेला गिऱ्हाईक, असा फोटो अनेक घरांच्या जुन्या अल्बममध्ये सापडतो. शेजारच्या तंबूत वाकडे आरसे असत आणि त्यांत जाडे-बारीक झालेले आपले रूप पाहून माणसे पोट धरून हसत. ताजमहाल खोटा आहे हे फोटोग्राफरला माहीत होते, गिऱ्हाइकाला माहीत होते आणि फोटो पाहणाऱ्यालाही. फसवणूक नव्हती, गंमत होती.

सेल्फी म्युझियममध्येही ती गंमत मिळू शकते. त्यासाठी वेगळे तिकीट लागत नाही. फोटो काढून झाला की खुणेवरून दोन पावले बाजूला सरकायचे. दरी सपाट होते, राक्षस पुन्हा काका होतो, चौकोनी खोली वाकडी दिसू लागते. ही युक्ती कशी केली आहे, हे मुलांना विचारायचे. अशा खोलीत उभे राहून ते ओळखण्याची संधी संग्रहालयांत सहसा मिळत नाही. ती घेतली, तर तिकिटाचे पैसे खऱ्या अर्थाने वसूल होतात.